लहान विस्तवाचे सात दिवस

मी एक भट्टी. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीपासून चार पावलांवर उभी आहे. गोल पोट, कमानदार तोंड, कपाळावर एक तडा. रूप म्हणाल तर बेतास बात. पण एकदा पडून पुन्हा उभी राहिलेली आहे, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंफार आहे.

मला बांधायचं खूळ ब्रदरचं. तो या घरचा जावई. दवाखान्यात परिचारक आहे. तिथले रुग्ण त्याला ब्रदर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. कुणीतरी बागेत मातीची भट्टी बांधून तिच्यात पिझ्झा भाजतोय, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं आणि आठवडाभर जेवताना दुसरा विषय नाही.

"तुला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही," त्याची बायको म्हणाली, "भट्टी कसली बांधतोस?"

बायको लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिचे विद्यार्थी तिला मॅडम म्हणतात आणि घाबरून असतात. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक! ब्रेक!" म्हणायची सवय, घरी आल्यावरही ती सुटत नाही.

तिसऱ्या म्हणजे मॅडमच्या आई. घरात दोघंही त्यांना आई म्हणतात. बेकरीत एकतीस वर्षं पीठ मळलं त्यांनी. मग उजवा खांदा निकामी झाला, पाठोपाठ नवरा गेला, आणि दोन वर्षांपूर्वी त्या लेकीकडे मागच्या खोलीत राहायला आल्या. राहायला म्हणजे, पाहुणे राहतात तशा. आपला कप धुऊन, पुसून, जागेवर ठेवायच्या. "जरा पंखा लावू का?" असं विचारायच्या.

"आई, हे काय विचारायचं असतं?" मॅडम चिडायची. मग त्या पंखा न लावताच बसायच्या.

ब्रदरनं सुट्टी पाहून काम काढलं. विटांचा चौथरा रचला, त्यावर तळासाठी आगीत टिकणाऱ्या विटा बसवल्या. वर ओली वाळू घुमटासारखी थापली. ओले वर्तमानपत्राचे कागद तिच्यावर चिकटवले आणि त्यांच्यावर मातीचा थर दिला. माती वाळली की पुढून तोंड कापायचं आणि आतली वाळू काढून घ्यायची. उरतो तो घुमट. तो घुमट म्हणजे मी.

पण वाळायला धीर कुणाला? संध्याकाळी फोटो काढायचा म्हणून ब्रदरनं त्याच दिवशी तोंड कापलं आणि वाळू उपसायला लागला. अर्धी वाळू बाहेर आली असेल नसेल, मी जी बसले ती सपाटच. ब्रदरचे दोन्ही हात कोपरापर्यंत माझ्याखाली.

मॅडम दारातून बघत होती. हसू आवरत म्हणाली, "फोटो काढू का?"

आई खिडकीत होत्या. पडदा सरकवून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रदर कामाला निघाला तर आई अंगणात. साडी वर खोचलेली, अनवाणी, माझ्या ढिगाऱ्यात पाय घालून माती तुडवतायत.

"आई, अहो, तुम्ही कशाला?"

"माती फार ओली होती तुमची," त्या खाली बघतच म्हणाल्या. "आणि वाळू कमी. मूठभर घ्या, गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून टाका. पसरला तर ओली, फुटला तर कोरडी. नुसता चेपला की बरोबर."

ब्रदरनं गोळा टाकला. पसरला.

"अजून वाळू," आई म्हणाल्या. दोन वर्षांत या घरात त्यांनी कुणाला काही करायला सांगितलं, ते हे पहिलंच.

मग दोघांनी मला पुन्हा बांधलं. जावई माती चाळायचा, सासू तुडवायची. बेकरीतली भट्टी दर पाच-सहा वर्षांनी आतून लिंपावी लागायची, तेव्हा गवंड्याच्या हाताखाली आईच असायच्या, हे ब्रदरला तेव्हा कळलं. आतला थर चार बोटं जाड, त्यावर पेंढा मिसळलेल्या मातीचा दुसरा, ऊब धरून ठेवायला. खांद्यामुळे त्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नसे. माझा माथा ब्रदरनं लिंपला. त्या खालून सांगत राहिल्या. "डावीकडे फुगलंय. अहो, तुमची डावी नव्हे, माझी."

या वेळी मला आठवडाभर सुकू दिलं. मग आतली वाळू काढली, आणि मी उभी राहिले.

ब्रदर लगेच लाकडं घेऊन आला. आईंनी हात आडवा धरला. "पोटात अजून पाणी आहे तिच्या. एकदम जाळ केलात तर वाफ धरून फुटेल. सात दिवस रोज लहान विस्तव. ढलप्या टाकायच्या, आणि कुणीतरी समोर बसायचं."

"रोज? माझी ड्यूटी असते हो."

"मी बसते ना."

तर असे ते सात दिवस सुरू झाले. दुपारी उन्हं कलली की आई पाट घेऊन माझ्या तोंडाशी बसायच्या. ढलपी सारायच्या, विस्तव ओढायच्या, पाठीवर हात ठेवून किती तापलंय ते बघायच्या. माझ्या अंगातून वाफ निघायची, त्यांचा खांदा शेकायचा. कुणी आपल्यासाठी असं बसून राहावं, याचं सुख मला पहिल्यांदा तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन वाजला. मॅडम नुकतीच क्लासवरून आली होती. दोरीवरचे कपडे काढत होती.

"हो," आई फोनवर म्हणाल्या. "खोली ठेवा माझ्यासाठी. एक तारखेला येते."

मॅडमच्या हातातली चादर हातातच राहिली. "कुठली खोली?"

"एकट्या बायकांसाठी एक घर आहे, स्टेशनच्या मागे. दोन वेळचं जेवण देतात. मी बघून आलेय."

"कधी?"

"तू शिकवायला गेली होतीस तेव्हा."

"इथे काय कमी पडलं तुला?"

"कमी काही नाही गं. तुमचा संसार आहे. मी किती दिवस अडचण करायची?"

मॅडमनं चादर टोपलीत आदळली. करण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही म्हणून असेल, पण बाजूला रचलेलं एक मोठं लाकूड उचललं आणि माझ्या तोंडात कोंबलं.

"नको गं! ती तडकेल!"

लाकूड सुकं खडखडीत होतं. भप्पकन पेटलं. आईंनी डाव्या हातानं ते ओढून काढेपर्यंत व्हायचं ते झालं. टक्! कपाळापासून डाव्या कुशीपर्यंत मला तडा गेला.

मग मॅडम बोलायला लागली, आणि तिचा आवाज क्लासवरचा राहिला नव्हता.

"तू नेहमी जातेसच. मी शाळेत होते तेव्हा रोज उजाडायच्या आत जायचीस. मी उठायचे तर तू नसायचीस, आणि टेबलावर कुणाच्यातरी हाती पाठवलेला, फडक्यात गुंडाळलेला गरम पाव. मैत्रिणी म्हणायच्या, मज्जा आहे बाई हिची. मला तो पाव नको होता, आई. माझ्या वेण्या बाबा घालायचे. एक इकडे, एक तिकडे. वर्गात सगळे हसायचे."

आई काडीनं विस्तव सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू खायची नाहीस तो. शेजारच्या कुत्र्याला घालायचीस."

"तुला माहीत होतं?"

"कुत्रं केवढं लठ्ठ झालं होतं! गल्लीत एवढा पाव दुसरं कोण खायला घालणार?"

मॅडमला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. मटकन आईच्या शेजारी मातीत बसली.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? बेकरीचं काम उजाडायच्या आतच सुरू व्हायचं. नाही गेले असते तर घर चाललं नसतं." त्यांनी एक ढलपी आत सारली. "पण तुला कसं वाटतं ते मला कळतंय, एवढं तरी सांगायला हवं होतं. ते चुकलं माझं."

एवढ्यावर सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांचं असं एका दुपारी मिटत नाही. पण पाचव्या दिवशी अंगणात दोन पाट आले. आईंनी ओली माती बोटानं माझ्या तड्यात भरली, मॅडमनं वरून हात फिरवला. सहाव्या, सातव्या दिवशीही दोघी होत्या. कधी बोलायच्या, कधी नुसत्या जाळाकडे बघायच्या.

मग मोठा दिवस आला. सकाळपासून मला पेटवलं. आधी माझं पोट काजळीनं काळंकुट्ट झालं. तापत गेले तशी काजळी जळून आतून स्वच्छ पांढरी दिसायला लागले. "झाली तयार," आई म्हणाल्या. निखारे एका बाजूला सारले, तळ ओल्या फडक्यानं पुसला, चिमूटभर पीठ टाकून बघितलं.

पीठ त्यांनी आदल्या दिवशीच भिजवून ठेवलं होतं, डाव्या हातानं मळून. पण पिझ्झा आत सारायचं लांब दांड्याचं फावडं काही त्यांना पेलेना. खांद्यातून कळ गेली. त्यांनी ते लेकीपुढे धरलं.

"मला नाही जमत हे," मॅडम म्हणाली.

"गाडी शिकवतेस ना लोकांना? चल. फावडं टेकव. आता झटका देऊन मागे घे. मागे! अगं मागे, पुढे कुठे?"

पहिला पिझ्झा घडी होऊन थेट निखाऱ्यात गेला. दुसऱ्याची एक बाजू कोळसा, दुसरी कच्ची. ब्रदरनं तो मुकाट्यानं खाल्ला आणि "छान आहे" म्हणाला. दोघी त्याच्याकडे बघून इतक्या हसल्या की शेजारचा सुतार कुंपणावरून डोकावला. तिसरा मात्र असा फुगला, कडेला असे डाग पडले, की ब्रदरनं आधी त्याचा फोटो काढला. आईंनी तो फाडला, पहिला तुकडा लेकीच्या हातावर ठेवला. तिनं खाल्ला. सगळा.

तोंड पुसत मॅडम म्हणाली, "आई, एक तारखेला जाऊ नकोस. मी तुला 'राहा' असं कधी म्हटलंच नाही. आता म्हणते. राहा."

आई फावड्यावरचं पीठ झटकत होत्या. "राहीन. पण स्वयंपाकघर मी लावणार. पिठाचा डबा इतक्या वर कोण ठेवतं? शिडी लागते मला."

मॅडम म्हणाली, "लाव."

त्यानंतर पाच वर्षं मी पोटभर जगले. सुतारानं मला लाकडी दार करून दिलं. दर सुट्टीला जाळ. मॅडमचे परीक्षेत पास झालेले विद्यार्थी यायचे, नापास झालेलेही यायचे. मोठ्या जाळात पिझ्झे, आणि विस्तव उतरला की मंद उबेत आईंचे पाव. मधे एक वर्ष ब्रदरला दवाखान्यातून सुट्टीच मिळेना, तेव्हा माझ्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं आणि पाठीवर शेवाळ आलं. तेही दिवस गेले.

आता हे घर सोडायचं आहे. घर भाड्याचं, मालकाला ते पाडून नवं बांधायचंय. त्यात त्याचं काही चुकलं असं नाही. तिघं नवं घर बघून आले. परत आल्यावर ब्रदर सुताराला सांगत होता, "आईंनी खोल्या बघितल्याच नाहीत हो! सरळ मागच्या अंगणात गेल्या आणि त्या एजंटला विचारलं, इथे दुपारी ऊन कुठून येतं?"

उद्या मला उतरवणार. तळाच्या विटा मॅडमच्या गाडीतून नव्या अंगणात जातील. घुमट काही नेता येत नाही. भाजलेली माती फोडून इथल्याच झाडांच्या आळ्यांत घालायची, असं ठरलंय. मला वाईट वाटत नाही असं कसं म्हणू? पण माझी अशी सोय लावताना तिघांच्या आवाजात जी हळहळ होती, ती ऐकून मन भरून आलं. सगळ्याच भट्ट्यांच्या नशिबी ते येत नाही.

आज शेवटचा जाळ झाला. पिझ्झे संपले, माणसं गेली. आई पाटावर बसल्यात, आत दोन पाव आहेत. मॅडम नवीन घरासाठी खोकी बांधता बांधता बाहेर आली, माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आई, अजून चांगली गरम आहे गं."

"असणारच. सकाळपर्यंत राहील."

तर तुम्हीही या. माझं दार लावलेलं आहे, आत ऊब भरपूर आहे, आणि पाव व्हायला अजून थोडा वेळ आहे. बसा.