ऑटिसच्या पाठीवरचे खोगीर

मी एक जुने खोगीर आहे. मित्रांनो, माझ्या काळ्या कातड्याला आता भेगा पडल्या आहेत आणि डावीकडची शिवण दोनदा उसवून पुन्हा घातलेली आहे. माझ्यावर बसून कुणी शर्यत जिंकली नाही. मी ड्रेसाजचे खोगीर. वाळूच्या मैदानात घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि आकृत्या शांतपणे करून दाखवायच्या, एवढाच तो खेळ. त्यात पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर कधी जायचे, हे हौशी स्वाराने स्वतःच ठरवायचे असते. कुणी अडवत नाही.

ओहायोतल्या एका कारागिराने मला घडवले. आत लाकडाचा सांगाडा, वर गाईचे कातडे, खाली मेंढीची लोकर. विस्कॉन्सिनमधल्या लोर्ना प्रिबिलने मला घेतले, तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. दिवसभर ती दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची आणि तिथून थेट तबेल्यात यायची. तिचा घोडा ऑटिस, तांबूस, मोठ्या कानांचा. लोक म्हणत, "लोर्ना, जोडी छान जमलीय तुमची." ते ऐकून मलाही बरे वाटे. त्या जोडीच्या मधोमध मीच तर होते.

पहिल्या पायरीवर दुडक्या चालीत स्वाराला उठबस करता येते, त्यामुळे घोड्याच्या पाठीला विसावा मिळतो. दुसऱ्या पायरीवर बसूनच राहावे लागते. त्याला घोड्याची पाठ भक्कम हवी आणि स्वाराची बैठक हलकी हवी. ऑटिसची पाठ अजून तशी झाली नव्हती. लोर्ना तर माझ्यावर गोणीसारखी आदळायची.

"एक हिवाळा थांब," तिला शिकवणारी म्हातारी मॉडी म्हणाली.

"तुझे हिवाळे काही सरत नाहीत, मॉडी. माझ्याबरोबरच्या सगळ्या वरच्या पायरीवर गेल्या. मी काय साठीला वर जाऊ?"

"जा की. साठीला काय शिंगं फुटतात?"

लोर्ना हसली नाही. तिने सप्टेंबरच्या स्पर्धेचा अर्ज भरला.

त्या उन्हाळ्यात ती बसली की ऑटिस पाठ खाली दबवायचा, शेपूट झटकायचा. "आळशी झालायस तू," असे म्हणून ती टाच मारायची. तो आळस नव्हता, हे मला कळत होते. पण मी काय सांगणार?

स्पर्धेत दूरच्या कोपऱ्यात त्याचा मागचा उजवा पाय आखडला. एक पाऊल तोकडे पडले, मग दुसरे. लोर्नाच्या मांड्या माझ्यावर घट्ट आवळल्या. मित्रांनो, तिलाही कळले होते. हात वर करून थांबता आले असते. पण तीनच आकृत्या उरल्या होत्या. तिने त्या पुऱ्या केल्या, परीक्षकांना मान लववली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ऑटिसच्या पायाचा स्नायुबंध तुटला होता. दीड वर्ष तो कुरणात लंगडत राहिला. मग एका मार्चमध्ये बर्फावर घसरून पडला, तो उठलाच नाही.

मला कोपऱ्यात टांगून ठेवले. अंगावर बुरशी चढली, उंदरांनी लोकर कुरतडली. लोर्ना तबेल्यात यायची, माझ्याकडे पाठ करून दुसऱ्यांचे लगाम पुसत बसायची. ऑटिसच्या रिकाम्या ठाणावरून कधीकधी पाय ओढत चालल्यासारखा आवाज येई. मॉडी म्हणे, छपराचा पत्रा वाजतोय. लोर्नाचा लगाम पुसणारा हात थांबे. मी ते पाऊल ओळखले होते, आणि तिनेही.

चार वर्षांनी शेजारणीने तिला आपली घोडी दिली, टॅन्सी. माझ्यात नवी लोकर भरली गेली. टॅन्सी हुशार निघाली. पहिल्या पायरीवर शंभरात सत्तर गुण मिळू लागले. एक वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली. लोर्ना तिथेच. दूरचा कोपरा आला की तिचे पाय आवळत आणि घोडी गोंधळून कान मागे करी.

"ही कंटाळलीय," मॉडी म्हणाली. "कुणासाठी थांबलीयस?"

"मागच्या वेळीही मला वाटलं होतं, आपण तयार आहोत."

"तू होतीस. त्याला विचारलंच नाहीस."

लोर्नाने टॅन्सीकडे पाहिले. मग म्हणाली, "मग हिला कसं विचारू?"

"खोगीर काढ. हात लाव."

सगळा हिवाळा तिने तेच केले. रोज मला उतरवायची आणि टॅन्सीच्या पाठीवर बोटे दाबत मानेपासून शेपटीपर्यंत जायची. घोडी निवांत गवत चघळत असे. लोर्ना स्वतः रिकिबीत पाय न अडकवता बसायला शिकली, चारदा पडली. एप्रिलमध्ये एक दिवस दुडक्या चालीत टॅन्सीने आपणहून पाठ वर घेतली. लोर्नासकट मी उचलले गेले. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते.

जूनमध्ये लोर्ना दुसऱ्या पायरीच्या मैदानात उतरली. पहिल्या दोन आकृत्या पाण्यासारख्या झाल्या. मग कोपऱ्यात एक पाऊल तोकडे पडले. एकच.

लोर्ना तिथेच थांबली. परीक्षकांना मान लववून उतरली आणि घोडीला धरून चालत बाहेर आली. मॉडीने खूर उचलून पाहिला. हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. तो काढल्यावर टॅन्सी नीट चालू लागली.

"खडा होता गं नुसता," मॉडी म्हणाली. "पुरी केली असतीस तरी चाललं असतं."

"तेव्हा मला कुठे माहीत होतं?"

मॉडीने तिच्याकडे नीट पाहिले. "बरं. जुलैचा अर्ज भर."

मला गाडीत ठेवताना लोर्नाने माझ्यावर कपाळ टेकले आणि ऑटिसची माफी मागितली. मॉडी दाराशी पाठ करून उभी राहिली.

मित्रांनो, जुलैत काय गुण मिळाले ते मला आठवत नाही. माझी विनंती एवढीच आहे. ज्याच्या जिवावर तुम्ही वर चढता, त्याच्या पाठीवर आधी हात ठेवून बघा. दुखत असेल, तर थांबा. घोड्याला बोलता येत नाही. मीही सगळे जाणून गप्प राहिले, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.