हजिऱ्याचं कार्ड

शामलाने ग्राफिक्स कार्डाच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, फुंकर मारली आणि कार्ड खिडकीशी धरून डोळे बारीक केले. शेजारी महिपतराव टॉर्च घेऊन उभे होते. खिडकीतून सकाळचं लख्ख ऊन येत होतं, टॉर्चची काहीही गरज नव्हती. पण महिपतरावांच्या हातात काही नसलं की ते सल्ले देतात, हे शामलाला पंधरा वर्षांपासून माहीत होतं. म्हणून टॉर्च तिनेच दिला होता.

“अजून थोडं घास,” टॉर्च असूनही ते म्हणाले.

“काका, अजून घासलं तर सोनं निघेल.”

“निघू दे. रमाकांतजी लगेच लिहून घेतील. हजिऱ्याहून आलेलं सोनं, जुनं, मागच्या खोलीत ठेवलं.”

शामला हसली, पण अर्धवटच. मागची खोली हा आता थट्टेचा विषय राहिला नव्हता.

हजिऱ्याच्या मराठी मंडळात अकरा घरं उरली होती आणि जागेच्या मालकाला जागा परत हवी होती. त्याच शहरातल्या थाटीपूरच्या मराठी समितीकडे स्वतःचा हॉल होता, पण त्यात बसायला माणसं नव्हती. तेव्हा दोन्ही संस्थांचं विलीनीकरण ठरलं. हजिऱ्याची मंडळी फौजी घराण्यांतली, पुढे बिर्ला नगरच्या मिलमध्ये रुजलेली; थाटीपूरची कचेऱ्यांतली आणि कॉलेजांतली. दोघांनाही एकमेकांबद्दल मनापासून आदर होता आणि तो लांबून बाळगायची सवय होती. म्हणूनच ठराव फार जपून लिहिले गेले. ठराव क्रमांक चार म्हणत होता: ‘उभय संस्थांचे साहित्य समान मानाने वापरात राहील.’

हजिऱ्याहून टेम्पोत चौदा वस्तू आल्या. घड्याळ मागच्या खोलीत गेलं, कारण ते तीन मिनिटं मागे पडायचं. बाक गेला, कारण थाटीपूरच्या ज्येष्ठांचे पाय त्यावरून लोंबकळायचे. कपाट गेलं, कारण त्याला वाळवी असू शकते असं कुणालातरी वाटलं. सतरंजी गेली, किटली गेली, फळा गेला. प्रत्येक कारण खरं होतं, आणि पंचाईत तीच होती. खोट्या कारणावर भांडता तरी येतं. महिपतराव कशालाच काही म्हणाले नाहीत. फक्त घरी निघताना मागच्या खोलीच्या दाराशी थांबायचे आणि आत बघत ओठ हलवायचे. परवा ते ओठ तेराला थांबले होते.

चौदावी वस्तू कॉम्प्युटर.

मिल बंद झाल्यावर महिपतरावांनी आधी पंप दुरुस्त केले, मग कूलर, आणि साठी ओलांडल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या शामलाकडून कॉम्प्युटर उघडायला शिकले. त्या वेळी दोघांनी मिळून हजिऱ्याच्या मंडळात एक मशीन उभं केलं होतं. त्यात एकसारखी दोन ग्राफिक्स कार्डं होती आणि वरून त्यांना जोडणारी एक छोटी पट्टी. एक चित्र हे कार्ड काढायचं, पुढचं ते, आणि पडद्यावर मोटारी अशा पळायच्या की पोरं खुर्चीसकट वळायची. मग एका उन्हाळ्यात एक कार्ड जळालं. नंतर मदरबोर्ड गेला, कॅबिनेटला गंज चढला. आता थाटीपूरच्या नव्या मशीनमध्ये घालण्यासारखं हजिऱ्याचं एवढंच उरलं होतं, शामलाच्या हातातलं कार्ड.

मशीनची कल्पना थाटीपूर समितीच्या रमाकांतांची होती. मंडळात तरुण मुलं येत नाहीत, तर असा एक झकास गेमिंग पीसी ठेवू की ती येतील, आणि आली की हळूच मराठीही बोलतील. त्यांच्या मुलीने पुण्याहून नवं कोरं कार्ड पाठवलं. रमाकांतांनी स्वतः सांगितलं, “एक आमचं, एक तुमचं. दोन्ही लागली पाहिजेत. ठराव क्रमांक चार.” माणूस सरळ होता. सरळ माणसांमुळे शामलाचं काम नेहमीच वाढत असे.

कारण दोन्ही लागणार नव्हती. चार दिवस झाले, तिला हे ठाऊक होतं.

दोन कार्डं जोडून एकच खेळ चालवायचे दिवस सरले होते. खेळ बनवणाऱ्यांनी तो उपद्व्याप केव्हाच सोडून दिला होता, आणि नव्या कार्डावर जोडपट्टीसाठी खाचच नव्हती. त्यातून दोघांच्या वयात इतकं अंतर की एका मशीनमध्ये दोघांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारे प्रोग्राम, नांदत नव्हते. नवं जागं झालं की जुनं झोपायचं. शामलाने जुन्याला दुसरा पडदा लावून त्यावर पुस्तकांची यादी दाखवायचा प्रयत्न केला. मशीन तीनदा बंद पडलं. जुन्याला वीज मिळायची, पंखा फिरायचा, बाजूचा लाल दिवा लागायचा. काम मात्र काहीच नाही.

सांगावं तर कसं? टेम्पोत तिच्या शेजारी बसून महिपतराव म्हणाले होते, “चौदाच्या चौदा मागे गेल्या ना शामले, तर मी सही नाही करणार. अकरा घरं आपापल्या घरी बसतील. बसू दे.” आवाज चढवला नव्हता, म्हणूनच तिला धास्ती वाटली होती. आज दुपारी संक्रांतीचा तिळगूळ, मशीनचं उद्घाटन आणि विलीनीकरणाच्या वहीत शेवटच्या सह्या. हजिऱ्याकडून पहिली सही त्यांची. ती झाली नाही, तर सत्तर वर्षांचं मंडळ आज दुपारीच संपणार होतं, आणि हा माणूस उद्यापासून रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कुठे जाणार होता?

“हे घे,” महिपतरावांनी टॉर्च खाली ठेवला आणि खिशातून कागदात गुंडाळलेली जोडपट्टी काढली. “घरी सापडली. ह्याशिवाय दोघं बोलणार कशी एकमेकांशी?”

शामलाने पट्टी हातात घेतली. बोटभर लांब, काळी. तिने ती उगाच उलटी करून पाहिली.

“आता लागत नाही काका ही. नव्यात जोड आतूनच होतो.”

“आतूनच?”

“हो. मदरबोर्डातून.”

“वा. बढिया केलं.” त्यांनी पट्टी पुन्हा कागदात गुंडाळली, घडी नीट दाबली. “म्हणजे दिसत नाही, पण असतो.”

“असतो,” शामला म्हणाली आणि स्क्रू शोधायला खाली वाकली. स्क्रू टेबलावरच होते.

दुपारी हॉल भरला. म्हणजे एकोणचाळीस माणसं आली, आणि थाटीपूरच्या सेक्रेटरी वनमालाबाई दाराशी उभ्या राहून चाळीसावं कोण येतंय याची वाट बघत होत्या. हजिऱ्याची मंडळी भिंतीकडे बसली, थाटीपूरची खिडकीकडे. मधून एक बैलगाडी आरामात गेली असती. दोन्हीकडच्या बायकांनी तिळगुळाचे दोन वेगळे डबे आणले होते. आपल्या डब्यातले लाडू आधी संपावेत म्हणून दोन्ही बाजू आग्रह करत होत्या, आणि तेवढ्यापुरते दोन्ही समाज एकत्र आले होते.

सगळ्यांना दिसावं म्हणून शामलाने कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवलं होतं, काचेची बाजू वर. आत दोन्ही कार्डं शेजारी शेजारी उभी होती. नव्याचा दिवा निळा, जुन्याचा लाल. पंखे दोन्हीचे फिरत होते.

“लाल आपलं,” भिंतीकडून दौलतसिंह म्हणाले. ते हजिऱ्याचे खजिनदार. तिजोरी रिकामी असूनही त्यांची कंबरेला किल्ली लावायची सवय सुटली नव्हती.

“दिसायला तुमचंच भारी दिसतंय हो,” वनमालाबाई म्हणाल्या.

“दिसायला नाही बाई, आहेच.”

कॉलेजातल्या तीन मुली पुढे सरसावल्या. एकीने कीबोर्ड घेतला, पडद्यावर मोटार सुटली, घाटातली वळणं झरझर मागे पडू लागली.

“अरे यार, क्या मक्खन चल रहा है!”

“मराठीत बोल,” मागून एका आजीने दटावलं.

“आजी, मस्त लोण्यासारखं चालतंय. आता ठीक?”

सगळे हसले. भिंतीकडचे दोघे-तिघे नीट दिसावं म्हणून उठून खिडकीकडे जाऊन उभे राहिले आणि परत जागेवर जायचं विसरले.

रमाकांतांनी चष्मा पुसला. ते कुठलाही कार्यक्रम तयारी केल्याशिवाय बघत नसत.

“मी काल वाचलं, मंडळी. दोन कार्डांचे दिवस पुन्हा येणार म्हणतात. खेळासाठी नाही, त्या बोलणाऱ्या यंत्रांसाठी. एकाला पेललं नाही की दुसऱ्याने भार घ्यायचा. आपण तर आधीच तयार आहोत.” मग शामलाकडे वळून म्हणाले, “शामलाताई, ते आकडे असतात ना पडद्याच्या कोपऱ्यात? पहिलं कार्ड किती टक्के काम करतंय, दुसरं किती. ते दाखवा की. ठराव क्रमांक चार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल.”

शामलाचा हात माऊसवर गेला आणि तिथेच राहिला. आकडे आणायला दोन क्लिक पुरल्या असत्या. एकीकडे नव्वदच्या वर काहीतरी, दुसरीकडे काहीच नाही. समोर सह्यांची वही उघडी होती.

“लावा, लावा,” दौलतसिंह म्हणाले. “आमचं किती आहे ते कळू द्या.”

तिने महिपतरावांना शोधलं. ते गर्दीत नव्हते. टेबलाच्या पलीकडे, मशीनच्या मागच्या अंगाला जाऊन उभे होते. ऊन कलल्यापासून हॉलमध्ये गारठा भरला होता आणि त्यांनी दोन्ही तळवे मशीनच्या मागच्या जाळ्यांसमोर धरले होते, उजवा एका कार्डाच्या, डावा दुसऱ्या कार्डाच्या. दोन्हीकडचे पंखे वारा बाहेर फेकत होते.

“काय हो महिपतराव, शेकोटी केली का मशीनची?” वनमालाबाईंनी विचारलं.

त्यांचं लक्ष हातांकडे होतं. उजवा हात स्थिर होता. डावा त्यांनी जरा पुढे नेला, जाळीला टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग बोटं मिटली, पुन्हा उघडली. मशीन चालतंय की नाही हे तळहाताने ओळखण्यात या माणसाची अख्खी नोकरी गेली होती, हे शामलाच्या आत्ता लक्षात आलं, आणि ती माऊसकडे बघू लागली.

“आकडे कशाला रमाकांतजी?” महिपतराव म्हणाले. “आम्ही मिलवाले. आकडा मागाहून, आधी हात.”

“मग? हात काय म्हणतो?”

“दोन्हीकडून सारखी धग आहे.”

“खरंच?” रमाकांत उत्सुकतेने उठलेच. “बघू तरी.”

“बसा हो तुम्ही. इथे एकाच म्हाताऱ्यापुरती जागा आहे, आणि तो आधी आलाय.”

हॉल हसला. रमाकांतही हसत बसले आणि वनमालाबाईंना म्हणाले, “लिहून घ्या, प्रात्यक्षिक समाधानकारक.” पडद्यावर मोटार कशाला तरी धडकली, मुलींनी एकच ओरडा केला आणि आकड्यांचं कुणाला काही राहिलं नाही.

शामला तिळगुळाची वाटी घेऊन मशीनच्या मागे गेली.

“काका, मी तुम्हाला सांगणारच—”

महिपतरावांनी जाळ्यांवरून हात काढले आणि तसेच तिच्या दोन्ही गालांवर ठेवले, ती पहिल्यांदा मशीन चालू करून दाखवायला आली होती तेव्हा ठेवले होते तसे. उजवा तळवा तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा ऊन होता. डावा गार होता, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत.

“आज गारठा फार आहे,” ते म्हणाले, आणि वाटीतला एक लाडू तोंडात टाकून पेन मागायला वनमालाबाईंच्या टेबलाकडे निघाले.