चिठ्ठी उचलणारा हात

दात फरशीवर आडवा पडला होता. वरचा, पुढचा. मूळ अखंड होतं आणि त्याच्या टोकाला गुलाबी मांसाचा धागा चिकटलेला होता. मूळ तुटलेलं नसेल आणि सुकू दिलं नाही तर असा दात पुन्हा बसवता येतो, हे ताईला दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीमुळे ठाऊक होतं. मुळाला बोट न लावता तिनं तो उचलला आणि थंड दुधाच्या पेल्यात सोडला. दुधात एक तांबूस रेघ उमटली आणि विरून गेली.

"डॉक्टरांना फोन करते. रविवार असला तरी येतील. उठा, पप्पा."

"थांब." पप्पांनी तोंडावर दाबलेला टॉवेल भिजला होता. "आधी त्याचं बघू."

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पुढच्या खोलीत, पप्पांच्या लेथच्या दुकानात, तो खण उपसून जमिनीवर आपटत होता. उपासनेहून येऊन पप्पांनी बूटही काढले नव्हते, तेवढ्यात त्यानं दुकानाचे कागद मागितले होते. पप्पा 'नाही' म्हणाले नव्हते. 'बघू' म्हणाले होते. त्या 'बघू'वर त्यानं त्यांच्या तोंडावर कोपर मारलं.

बाहेर कुणीतरी शटरवर लोखंडी गज हाणला. घर हादरलं.

"काय काका, प्रार्थना संपली का नाही? आमेन म्हणा आणि कागद घेऊन या!"

दुसरा कुणीतरी खो खो हसला. पत्त्यांच्या अड्ड्यावरची ती दोन माणसं धाकटा हरलेला पैसा वसूल करायला आली होती. सकाळी भर रस्त्यात त्यांनी धाकट्याचा डावा हात पायरीवर ठेवून दोन बोटांवर टाच दिली होती, आणि शेजारच्या खिडक्या एकेक करून लागल्या होत्या.

या घरात पत्ते कधी आले नव्हते. फासासुद्धा नव्हता, सापशिडी खेळायची तर मुलं शेजारी जायची. जुगार म्हणजे देवाची परीक्षा पाहणं, असं पप्पा म्हणायचे. पैसा आपला नाही, आपण फक्त कारभारी, हेही म्हणायचे. चर्चमध्ये अर्पणाची थैली फिरवायचं काम उगाच त्यांच्याकडे नव्हतं.

पण एखादी गोष्ट ठरेना झाली की घरात चिठ्ठ्या पडायच्या. प्रेषितांनीही टाकल्याच होत्या, पप्पा म्हणायचे. आई दोन चिठ्ठ्या लिहायची, सगळे डोळे मिटायचे, आणि सगळ्यात लहान म्हणून धाकटा कपात हात घालायचा. ताईनं पुढे शिकायचं की कामाला लागायचं, हे तसंच ठरलं होतं. ती कामाला लागली. धाकट्याचं पहिलं कर्ज फेडायचं का, तेही तसंच. मागच्या खेपेला 'द्यावं' निघालं आणि गावाबाहेरचा जमिनीचा तुकडा गेला.

"दोन चिठ्ठ्या असल्या की शक्यता दर वेळी निम्मीच असते, पप्पा," ताई तेव्हा म्हणाली होती. "त्यात कुणी बोलत नसतं."

पप्पांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता.

आता दुकान आणि त्यामागच्या या दोन खोल्याच उरल्या होत्या.

"अगं," पप्पा आईला म्हणाले, "चिठ्ठ्या लिही."

"अहो, आत्ता? हे असं रक्त गळत असताना?"

"लिही."

आईनं लिहिल्या: 'द्यावं', 'देऊ नये'. पेन कागदात रुतत होतं. घड्या करून तिनं त्या कपात टाकल्या.

पप्पांनी हाक मारली तसा धाकटा आत आला. डावा हात पोटाशी धरलेला, बोटं काळीनिळी, ओठ फाटलेला. पप्पांच्या टॉवेलकडे त्यानं पाहिलं.

"तुमचा एकच गेलाय," तो म्हणाला. "माझी दोन गेली."

"लाज वाटते का काही?" ताई म्हणाली.

"तू गप्प बस गं. उंदराला मांजर साक्ष, पप्पांना तू." तेवढ्यात त्याला कप दिसला.

तो गुडघ्यांवर बसला. उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासू लागला, आधी सावकाश, मग भरभर. श्वास उथळ झाला. सुजलेल्या डोळ्यांत चमक आली. वेदना चेहऱ्यावरून पुसल्यासारखी गेली. पप्पांनी डोळे मिटले नव्हते. ते त्या बोटांकडे पाहत होते.

धाकट्याचा हात कपाजवळ आला आणि पप्पांनी कपावर तळवा ठेवला.

"काय झालं? काढा हात."

पप्पांनी काढला नाही.

"काढा म्हणतो ना! मला वाटतंय आज, आतून वाटतंय."

त्यानं कप हिसकला. तो भिंतीवर फुटला. मग त्यानं पप्पांची कॉलर धरून त्यांचं डोकं कपाटावर आपटलं, पुन्हा आपटलं. "चिठ्ठ्या काढायला शिकवलं कुणी मला? कुणी शिकवलं?" आई त्याच्या पाठीवर दोन्ही मुठींनी मारत होती, त्याला ते कळतही नव्हतं. ताईनं लाटणं उचललं. कुठे मारायचं याचा विचार तिला करावा लागला नाही. तिनं त्याच्या मोडलेल्या बोटांवर मारलं.

तो जनावरासारखा ओरडला आणि खाली बसला.

शटरवर गज पडला. या वेळी एक पट्टी वाकली आणि उन्हाची रेघ दुकान ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली.

"पप्पा," धाकटा रडत म्हणाला. "मारतील ते मला. खरंच मारतील. चिठ्ठ्या इथेच पडल्यात. एकदा फक्त काढू द्या."

पप्पा भिंतीला धरून उभे राहिले. वाकून त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या आणि न उघडता चुरगाळल्या. मग त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकली.

"पोलिसांना फोन लाव," ते ताईला म्हणाले. "बाहेर दोघं आहेत म्हणावं. आणि आत एक आहे. त्यानं काय केलं ते मी सांगेन."

"आणि दुकान?" आईनं विचारलं.

"द्यायचं नाही."

धाकट्यानं मान वर केली. "हे कुणी ठरवलं?"

"मी," पप्पा म्हणाले.