बारीक दुरुस्त्यांचा म्हातारा

आधी माझ्या डोक्यावरचा तो कप उचला, मित्रांनो, मग बोलतो. रसायनशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात पडलेला जुना संगणक मी. पंख्यात धूळ बसली आहे, कीबोर्डवरची अक्षरे पुसली आहेत आणि आता बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही थांबलाच आहात, तर ऐका.

खोक्यात बसून मी इथे आलो, तेव्हा मला बघायला सगळा विभाग लोटला होता. माझे काम रेणूंची थरथर मोजायचे. रेणूतले अणू सतत हलत असतात. ते स्प्रिंगने जोडलेले आहेत असे मानले, की गणित पटकन सुटते. पण खरा बंध स्प्रिंगइतका शहाणा नसतो. ताणला की सैलावतो. म्हणून आधी सोपे उत्तर काढायचे आणि मग त्यात बारीक बारीक दुरुस्त्या करत जायच्या. त्यावरून रासायनिक अभिक्रिया किती वेगाने होईल ते कळते. या किचकट कामात माझी उमेदीची वर्षे गेली. कौतुक मात्र मला राबवणाऱ्या विभागातल्या सरांचे झाले.

सरांकडे संशोधन करणारी एक मुलगी होती. तिला सगळे ताई म्हणत. तिचे काका एका कारखान्यात रंगाची फवारणी करत. फवारणीनंतरची विषारी वाफ बंद खोलीत हवेशी अभिक्रिया होऊन किती वेळाने विरते, हे त्याच कारखान्याने सरांना विचारले होते. काका म्हणायचे, "वास गेला की आम्ही आत जातो." ते ऐकल्यापासून ताईच्या जिवाला घोर लागला होता.

सोप्या गणितात वाफ लवकर विरत होती. सर म्हणाले, "झालं की! टाक पाठवून."

"दुरुस्त्या राहिल्यात, सर," ताई म्हणाली.

मी कामाला लागलो. तापलो, धापा टाकल्या, आणि उत्तर आले ते भलतेच. वाफ जन्मात विरणार नाही!

"म्हातारा चळलाय," सर हसले. "भंगारात द्या त्याला."

मला ते फार लागले. ताईने मात्र आकडे पुन्हा न्याहाळले. "तो नाही चळला, सर. रेणूच्या थरथरीतले हे दोन कंप जवळजवळ एकाच गतीचे आहेत, आणि मी त्यांना वेगळं धरलं. त्यांच्यातल्या एवढ्याशा फरकाने भागल्यावर दुरुस्ती फुगणारच."

तिने त्या दोघांचा हिशेब एकत्र मांडला आणि मला पुन्हा जुंपले. आता अभिक्रियेच्या वाटेतला अडथळा जरासाच उंच निघाला, पण तेवढ्याने वेग निम्म्यावर आला. मग सरांनी स्वतःच कारखान्याला फोन लावला. "दार इतक्यात उघडू नका. दुप्पट वेळ थांबा."

काका कुरकुरले, "तोवर काय माश्या मारायच्या?"

"मारा," ताई म्हणाली, "पण बाहेर बसून मारा."

आता ताई दुसऱ्या गावी शिकवते. इथे नवे, चलाख संगणक आले आहेत. परवा सरांच्या नव्या विद्यार्थ्याने कुठल्याशा कारखान्याला सोप्या गणिताचेच उत्तर पाठवले. म्हणाला, "दुरुस्त्या नंतर बघू." सरांनाही घाई होती. मी ऐकत होतो, पण मला विचारतो कोण?

मला जपा असे म्हणत नाही, मित्रांनो. माझे दिवस भरले. पण कंटाळा आला म्हणून शेवटची बारीक दुरुस्ती सोडू नका. तुमच्या उत्तरावर विश्वास ठेवून कुणीतरी दार उघडणार असते.