चित्रगुप्ताच्या वहीचं सातवं पान

कामठ्याच्या समाजमंदिरात रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे पाटावर ज्ञानपटबाबा, त्यांच्या मांडीवर भगव्या कापडात गुंडाळलेला टॅबलेट, आणि समोर चाळीस खुर्च्यांवर नंबरवार बसवलेले भक्त. नंबर लावायचं काम बाबांचा चेला उमेंद्र याच्याकडे.

"सात नंबर, कुंदाबाई," त्यानं पुकारलं.

बाबांनी म्हातारीचं बोट काळ्या काचेवर टेकवलं. "ही चित्रगुप्ताची वही आहे, माय. डाटा वर जमा होतो, खाली फक्त आमचं नेटवर्क पकडते. रिचार्ज भक्तीचा."

काच उजळली. जळक्या कडांचं तपकिरी भूर्जपत्र उमटलं. त्यावर कुंदाबाईचं नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, आणि खाली: नात रुचिका, सिकलसेल. सगळ्या मंदिराचे हात जोडले गेले.

"दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या ना?"

"अकरा दिवस झाले, बाबा. पोरगी रातदिन कण्हून राहिली. पण बंदच हायेत."

मागे भिंतीला टेकून उभी असलेली अल्का चमत्कार पाहायला म्हणून आली होती. खरं तर थोडं हसायलाच. पण ते जळक्या कडांचं पान तिनं आधी पाहिलं होतं.

अल्काचं शेजारच्या कुडव्यात ऑनलाइन सेंटर होतं. कॉम्प्युटर तिला कुणी शिकवला नव्हता. बटणं दाबत, चुकत ती स्वतःच शिकली. अर्जाची साइट पीडीएफ घ्यायची नाही, फोटोच मागायची. तेव्हा पीडीएफमधलं एकेक पान सोडवून त्याची जेपीजी करून देणं हे तिचं रोजचं काम. रुचिकाचे रिपोर्टही तिनंच असे करून दिले होते. म्हाताऱ्यांना पुन्हा फेरी नको म्हणून ती सगळ्यांचे कागद 'कामठा' नावाच्या फोल्डरात तसेच ठेवून द्यायची. आणि दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही, हा तिचा नियम. त्या नियमाचा तिला फार तोरा होता.

मागच्या महिन्यात उमेंद्र आला. फॉर्म भरतो म्हणून दोन दिवस दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसला. तिसऱ्या दिवशी चाळीस पानांची फाइल घेऊन आला. "ताई, भजनाचं पुस्तक हाये. एकेका पानाचा फोटो करून द्या, नंबरानं." तिनं न वाचता करून दिलं. वर "पानं सुंदर दिसून राहिली" असंही म्हणाली.

गुपचूप निघून जाता आलं असतं. बोललं तर सेंटरचं नाव जाणार, उद्यापासून कोण कागद देणार? ती दाराकडे दोन पावलं गेलीसुद्धा. पण ते 'कण्हून राहिली' काही कानातून जाईना. ती वळली आणि खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली.

"काकू, तुमचा जन्म कधीचा?"

कुंदाबाई गोंधळली. "मारबतीच्या दिवशीचा. माय सांगे, गावात मारबत निघाली होती आन् घरात मी निघाली."

"म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. वहीत काय आहे, गुरुजी?"

सहा नंबरच्या खुर्चीतल्या खेमराज गुरुजींनी वाकून वाचलं. "एक जानेवारी."

"आता ज्याच्या ज्याच्या आधारकार्डावर एक जानेवारी आहे, त्यानं हात वर करा."

आधी दोन हात वर गेले, मग दहा, मग मोजायची सोय राहिली नाही. नेमकी तारीख माहीत नसली की कार्डावर एक जानेवारी पडते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं?

"काऊन रे उमेंद्रा," गुरुजी म्हणाले, "चित्रगुप्तही आधार सेंटरवर लाइन लावते काय?"

हशा पिकला. बाबांनी कापड आवरायला घेतलं. "अश्रद्धेनं नेटवर्क तुटते, बाई."

"तुटू द्या. गॅलरीतल्या फोटोला नेटवर्क लागत नाही." अल्कानं काचेवर बोट सरकवलं. आठव्या खुर्चीतल्या गोवर्धनचं पान आलं. आणखी सरकवलं, नवव्या खुर्चीचं. जशा खुर्च्या, तशी पानं.

"ही पानं मीच केली," ती म्हणाली. "तुमचे कागद माझ्या फोल्डरात पडून होते. या उमेंद्रानं ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चोरून पाहिले, माहिती टाइप केली, मागे जुन्या पानाचं चित्र लावलं. त्या पीडीएफचे फोटो मी करून दिले. अक्षरं आधीच लिहिलेली होती. तुमचं बोट काचेवर असताना बाबा कापडाआडून फक्त बटण दाबत होते."

हसणं थांबलं. उमेंद्र मागच्या दारानं सटकला. चौघांनी जाऊन त्याला धरून आणलं आणि बाबांशेजारी बसवलं. बाकीचे अल्काकडे पाहत होते.

"तुह्या भरवशावर कागद देल्ले होते मी," कुंदाबाई म्हणाली.

अल्कानं स्कूटीची किल्ली काढली.

तासाभरात तिनं कुंदाबाईला आणि रुचिकाला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई रागावल्या, पोरीला तपासून भरती करून घेतलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पोरीचे कपडे आणायला परतताना कुंदाबाईनं अल्काच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची दांडी धरून बसली.

दुसऱ्या दिवशी अल्कानं गुरुजींना समोर बसवून तो फोल्डर पुसला, आणि दारावर पाटी लावली: 'काम झालं की कागद तुमच्यासमोर पुसला जाईल. उभं राहून पाहा.' गुरुजींनी खाली खडूनं भर घातली: 'न सांगता तुमचं नावगाव ओळखणारा भेटला, तर हात जोडण्याआधी विचारा, कागद कुठून आणला? आणि गोळी बंद करायची की नाही, हे डॉक्टरलाच विचारा.'

तीन आठवड्यांनी कुंदाबाई रुचिकाचा नवा रिपोर्ट घेऊन आली. अल्कानं सवयीनं तो स्कॅनरवर पालथा घातला.

"थांब," कुंदाबाई म्हणाली. "आंधी वाच. मले आयकू येईल असं वाच. मंग फोटो काढ."