शिंप्याच्या जबड्यातला स्नायू

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या ताईंच्या कामात बोलायची वेळ फारशी येत नसे. शस्त्रक्रियेत काढलेला जबड्याच्या स्नायूचा वाटाण्याएवढा तुकडा गोठवायचा, त्याचे पातळ काप करायचे, रंग चढवायचा आणि कुठल्या धाग्यात कोणतं प्रथिन बनतंय ते टिपायचं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घरीही भिंतीच.

एका दुपारी दारात एक उंच शिंपी येऊन उभा राहिला. जिन्यावरून पडून जबडा मोडलेला, दात तारांनी करकचून बांधलेले. त्याने वही पुढे केली. "माझा तुकडा तुमच्याकडे आहे म्हणे. बघू द्याल?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. ताईंनी प्रयोगशाळेच्या साहेबांकडे पाहिलं.

"दाखवा की, त्याचाच आहे," साहेब मान वर न करता म्हणाले.

शिंप्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बऱ्याच वेळाने लिहिलं, "दोऱ्यांची जुडी मधोमध कापल्यासारखी दिसते."

"अगदी तशीच!" ताईंना बोलायला जोर चढला. "हे गडद धागे न दमता काम करणारे. फिके झटक्यात चावणारे." त्यांनी दुसरी काच लावली. "आणि हे बघा, यांत हृदयातलं प्रथिन सापडतं. यांत पोटातल्या बाळाचं. हातापायांतून ते जन्मानंतर जातं. जबड्यात मात्र म्हातारपणीही राहतं."

"का?"

"ते अजून कुणालाच धड ठाऊक नाही."

शिंपी नाकातून हसला. ताई तासभर बोलल्या, घसा बसेपर्यंत. जाताना त्याने लिहिलं, "तारा निघाल्या की येतो. मग बोलायची पाळी माझी."

पाच आठवडे गेले. दार वाजलं की ताई वळून बघत. शेवटी वॉर्डातल्या नर्सबाईंना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तो शिंपी होय! तारा निघाल्या आणि इतका बोलला, आमचं डोकं उठवलं. लेक घेऊन गेली त्याला परगावी, कायमचा."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. खरंच बरं झालं होतं.

जागेवर परतून त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

"काय गं, या वेळी? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. थोडं बोलायला वेळ आहे?"

"घरात पाहुणे आलेत गं. उद्या करू?"

"चालेल."

बहीण घाईत फोन बंद करायला विसरली. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी खो-खो हसत होतं. ताई फोन कानाला लावून ऐकत बसल्या.