न हलणाऱ्या टेबलाची कबुली

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे आणि न हलणे एवढेच माझे काम. तेही एकदा मला जमले नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलताना लाज वाटते.

लाकडी पेटीत चाळलेली वाळू आणि खाली स्कूटरच्या चार ट्यूबा, असा माझा देह. पुढच्या खोलीत होलोग्रामची छोटी गॅलरी, मागच्या कार्यशाळेत मी. होलोग्राम म्हणजे लेझरच्या उजेडात काचेवर उमटवलेले चित्र. मान तिरकी केली की त्यातल्या वस्तूची दुसरी बाजूही दिसते. पण ते उमटताना वस्तू केसभर जरी हलली, अगदी जवळच्या माणसाच्या हालचालीने का होईना, तरी काच कोरी राहते. बाहेरून ट्रक धडधडत गेला तरी मी आपले ढिम्म! "पठ्ठ्या आहे माझा," म्हणत गॅलरीच्या बाई मला थोपटायच्या आणि दर सोमवारी ट्यूबा दाबून हवा बघायच्या. पुढे गॅलरीत गर्दी वाढली आणि सोमवारची ही तपासणी राहून जाऊ लागली.

एकदा एक ताई मातीचा घोडा घेऊन आल्या. त्यांचे वडील कुंभार. घोडा भाजायचा राहिला आणि ते गेले. कच्ची माती तडकत चालली होती.

"हा आता फार दिवस टिकायचा नाही, बाई. पाठीवर बाबांचा अंगठा उमटलाय, तेवढा तरी राहू दे."

दिवे मालवले, लेझर लागला, दोघींनी श्वास रोखले. तेवढ्यात माझी एक ट्यूब हळूच बसली आणि मी खचले. काच धुतली, तर कोरी. पुन्हा मांडायला बाईंनी घोडा उचलला आणि त्याचा हातातच भुगा झाला.

"तुम्ही हललात का हो?" बाईंनी विचारले.

"हुंदका आला होता... माझंच चुकलं." ताई भुगा रुमालात बांधून निघून गेल्या.

मला वाचा नाही, हे खरे. पण त्या दिवशी वाचा नसल्याचे मला बरे वाटले, याचीच मला सर्वांत जास्त शरम वाटते.

पुढे खोलीत कोणी नसतानाही दोन काचा कोऱ्या निघाल्या. तेव्हा कुठे बाई गुडघे टेकून माझ्याखाली शिरल्या. बसलेली ट्यूब हाताला लागताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ताईंना बोलावून घेतले.

"चूक आमची होती. मी उगाच तुम्हाला बोल लावला."

ताई कितीतरी वेळ ती ट्यूब चाचपत राहिल्या. "तेव्हापासून बाबांची आठवण आली तरी मी रडले नाही हो," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कडेवर डोके टेकून हमसून हमसून रडल्या.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, हे तर सांगतेच. पण काम बिघडले की समोरच्या माणसाला जाब विचारण्याआधी जरा वाकून टेबलाखाली बघा.